सासूबाईंवर पडलेला हिरवा उजेड

दिवसभर लोकांच्या कवळ्या करणारा माणूस संध्याकाळी घरी येऊन अंगठ्याएवढ्या पुतळ्याच्या नाकावर उजेड पाडत बसेल, हे लग्नाच्या वेळी कितीही चौकशी केली असती तरी कळलं नसतं. मुलगा निर्व्यसनी आहे, हाताला काम आहे, आवाज चढवत नाही, एवढं कळलं होतं आणि ते सगळं खरं निघालं. उजेडाचं कुणी बोललंच नव्हतं.

गल्लीत त्यांना सगळे कवळीवाले म्हणायचे. कोपऱ्यावर दातांचा दवाखाना होता, त्याच्या मागच्या खोलीत हे बसायचे. पुढून प्लास्टरचे जबडे यायचे, त्यांवरून हे दात घडवायचे. दात नुसता पांढरा केला तर तो शर्टाच्या बटणासारखा दिसतो. मुळाशी पिवळट, मध्ये दुधी, टोकाला जरासा निळसर, असे पातळ पातळ थर चढवले की मग तो तोंडातला वाटतो. या कामात त्यांचा हात इतका बसला होता की दवाखान्यातल्या डॉक्टरांनी स्वतःच्या आईची कवळीही त्यांच्याकडूनच करून घेतली होती. पण या धंद्याचं एक वाईट आहे. काम उत्तम झालं तर ते कुणाला दिसतच नाही. "काय सुंदर खोटे दात आहेत हो तुमचे!" असं आजवर कुणी कुणाला म्हटलेलं नाही. कवळीवाल्यांना मात्र कुणीतरी, कधीतरी, चारचौघांत वाहवा म्हणायला हवं होतं. माणूस आहे, वाटणारच.

सायकलच्या दुकानावर एक लांबट खोली होती, तिथे भरणाऱ्या पुतळे मंडळात ते जायला लागले. टेबलावर पट मांडून लढाया खेळतात, त्यातले हे पुतळे: सैनिक, राक्षस आणि जादूगार. करड्या रंगाचे विकत मिळतात, घरी आणून रंगवायचे. मंडळातले निम्मे लोक खेळायला यायचे, निम्मे नुसते रंगवायला, आणि दोन्ही बाजूंचं एकमेकांविषयी मत फारसं बरं नव्हतं. अध्यक्ष छत्र्या दुरुस्त करायचे, म्हणून ते छत्रीवाले. वर्षातून एकदा प्रदर्शन असायचं आणि त्यात सगळ्यांत मानाचा विभाग उजेडाचा. पुतळ्याच्या हातात कंदील असेल तर तो पेटलेला वाटला पाहिजे, त्याचा उजेड हनुवटीवर, बोटांवर, अंगरख्याच्या चुण्यांवर पडलेला दिसला पाहिजे, आणि हे सगळं निव्वळ रंगाने. दिवा लपवायचा नाही, बॅटरी लपवायची नाही, अंधारात चमकणारा रंग वापरायचा नाही.

कवळीवाल्यांनी आधी कपाळाला दिवा बांधलेला खाणकामगार रंगवला. दिव्याचा उजेड त्यांना इतका आवडला की त्यांनी तो खाणकामगाराच्या टाळूवर, मानेवर आणि पाठीवरही पाडला. परीक्षक होते जनावरांचे एक डॉक्टर. त्यांनी भिंग लावून बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "याच्या डोक्याला आरपार भोक आहे का?" पुढच्या वर्षी सोन्याच्या राशीवर बसलेला राक्षस आला. सोन्याची झाक त्याच्या अंगावर पडली आहे हे दाखवता दाखवता राक्षस नखशिखान्त पिवळा झाला. "याला कावीळ आहे," डॉक्टर म्हणाले. निदान जनावरांच्या डॉक्टरांचं असलं तरी ते बरोबर होतं. दोन्ही वेळा उत्तेजनार्थ मिळालं. उत्तेजनार्थ हा शब्द ज्याने काढला त्याला स्वतःला तो कधी मिळालेला नसावा, नाहीतर त्याने काढला नसता.

"तुम्ही मनाने उजेड पाडता," डॉक्टरांनी जाताना त्यांना सांगितलं. "आधी बघा. उजेड कुठे पडतो ते बघा, आणि कुठे पडत नाही ते त्याहून नीट बघा."

झालं. कवळीवाले बघायला लागले. बायको फ्रिज उघडून वाकली की हे ओरडायचे, "हलू नकोस!" आणि ती हातात दुधाचं पातेलं धरून तशीच वाकलेली, आणि हे जमिनीवर उकिडवे बसून तिच्या गालाकडे बघतायत. फ्रिज बोंब मारायला लागायचा, दूध डचमळायचं, बायको म्हणायची, "अहो, माझी कंबर!" त्यावर हे म्हणायचे, "कंबरेवर काही पडत नाहीये, तू काळजी करू नकोस." दवाखान्यातही एकदा एका पेशंटच्या तोंडात डॉक्टरांनी दिवा सोडला तेव्हा हे मागून येऊन त्या माणसाच्या गालाला आतून किती लाली येते ते बघत उभे राहिले होते. तो बिचारा दात न काढताच निघून गेला.

त्या वर्षी त्यांनी प्रदर्शनासाठी चेटकीण आणली. हंड्यावर वाकलेली, डोक्यावर टोकदार टोपी, खांद्यावर कावळा, पायाशी बेडूक, बाजूला एक कवटी. हंड्यात हिरवा काढा उकळतोय आणि त्याचा उजेड खालून तिच्या तोंडावर आलाय, असं त्यांच्या डोळ्यांपुढे होतं. पण खालून येणारा उजेड म्हातारीच्या चेहऱ्यावर कुठे थांबतो, कुठून वळतो, हे बघायचं कसं? त्यांनी आधी बायकोला पातेल्यावर वाकवलं. पातेल्यात टॉर्च, टॉर्चवर हिरवा जिलेटिन पेपर. बायको गोल चेहऱ्याची, बसक्या नाकाची, आणि हसरी.

"तुझ्या तोंडावर उजेड टिकतच नाही," शेवटी हे वैतागून म्हणाले. "सगळा घसरून जातो."

"मग टिकाऊ तोंड शोधा दुसरीकडे," असं म्हणून बायकोने पातेलं घासायला टाकलं.

टिकाऊ तोंड घरातच होतं, आणि तिथेच सगळी पंचाईत होती. सासूबाई त्यांच्याकडे राहायला येऊन थोडेच महिने झाले होते. सासरे गेल्यावर एकटं घर नको म्हणून लेकीने आणलं होतं. धारदार नाक, वर आलेली गालाची हाडं, खोल डोळे. देवाने हा चेहरा खास खालून उजेड टाकण्यासाठी घडवला असावा. पण बाई स्वभावाने अशी गरीब की घरात आहे की नाही ते कळू नये. खुर्चीच्या कडेवर बसायच्या. स्वतःचा कप लगेच विसळून ठेवायच्या. टीव्हीवर काय लावू विचारलं तर "तुमचं चालू द्या." भाजी कशी झालीय? "छान आहे." पंखा वाढवू? "छान आहे." या घरात त्या पाहुण्यासारख्या वागत होत्या, आणि सहा महिने राहूनही न जाणाऱ्या पाहुण्याला जसं अवघडायला होतं, तसं त्यांना रोज होत असणार. कवळीवाल्यांना ते दिसायचं आणि त्यावर काय करायचं ते सुचायचं नाही.

म्हणून सासूबाईच जेव्हा म्हणाल्या, "जावईबापू, माझं नाक चालेल का बघा," तेव्हा कवळीवाल्यांना आधी आनंद झाला आणि मग घाम फुटला.

"पण आई, पुतळा कुणाचा ते..."

"कुणाचा आहे?"

आता सासूला तोंडावर चेटकीण कोण म्हणेल? "एक बाई आहे," हे म्हणाले. "हंड्यावर वाकलीय."

"स्वयंपाक करतेय?"

"तसंच काहीसं."

"मग हिरवा उजेड कशाचा?"

"पालेभाजी आहे," कवळीवाले म्हणाले. माणूस घाबरला की डोकं कुठून कुठे धावतं बघा.

अडगळीच्या खोलीला खिडकी नव्हती, म्हणून तिथेच सोय केली. जुन्या गाद्या एका बाजूला सारल्या, स्टुलावर पातेलं ठेवलं, सासूबाई त्यावर वाकल्या आणि कवळीवाल्यांनी दार लावून घेतलं. टॉर्च पेटला आणि त्यांच्या तोंडून "आहा!" निघून गेलं. हनुवटीच्या खालची बाजू झगझगीत. नाकपुड्यांच्या कडा झगझगीत. नाकाचा शेंडा मात्र वरून काळा. गालाच्या हाडांखाली दोन हिरवे चंद्र, भुवयांच्या खालच्या बाजूला दोन रेघा आणि कपाळ, केस, कान, सगळं अंधारात गडप. उजेड जिथे पोचत नाही तिथे तो नाहीच, इतकी साधी गोष्ट त्यांना आजवर कुणी इतक्या जवळून दाखवली नव्हती.

"हसू का?" सासूबाईंनी विचारलं.

"नको, तुम्ही आपल्या नेहमीसारख्या..."

पण त्या हसल्याच होत्या. ओठांचा एकच कोपरा वर, डोळे बारीक. मग त्यांनी एक भुवई चढवली. मग बोटं वाकडी करून हात पातेल्यावर धरले आणि घशातून असा काही आवाज काढला की कवळीवाल्यांच्या अंगावर काटा आला.

"अगदी अशाच राहा!" ते ओरडले आणि मग जीभ चावली. सासूबाई खो खो हसत सुटल्या. या घरात आल्यापासून त्यांना मोठ्याने हसताना कवळीवाल्यांनी पहिल्यांदाच ऐकलं.

नेमका त्याच वेळी विजेचं मीटर बघणारा माणूस आला. मीटर अडगळीच्या खोलीत होतं. बायको फोनवर होती, तिने हातानेच "आत जा" म्हटलं. त्याने दार उघडलं. काळोखात एक हिरवं तोंड हवेत तरंगत होतं, त्याखाली हिरवी वाकडी बोटं होती, आणि ते तोंड त्याच्याकडे वळून म्हणालं, "या ना, आत या." त्याची पिशवी एका दिशेला गेली आणि तो दुसऱ्या. त्या महिन्याचा आकडा त्याने अंदाजानेच टाकला असणार.

कवळीवाल्यांनी आठवडे घालवले त्या पुतळ्यावर. आधी सगळा पुतळा काळोखात बुडवला. मग हंड्यातला काढा, मध्यभागी जवळजवळ पांढरा, कडेला हिरवा. मग पाण्यासारखा पातळ रंग घेऊन हनुवटीवर एक थर, तो वाळला की त्याहून थोड्या जागेत दुसरा, त्याहून थोड्या जागेत तिसरा. दातांवर करायचे तसंच. आणि तोंड करताना त्यांनी अडगळीच्या खोलीतलं तोंड केलं, वर गेलेल्या एका कोपऱ्यासकट. शेवटचा ठिपका दिला तेव्हा त्यांना स्वतःलाच हंड्यावर हात धरून बघावासा वाटला, ऊब लागते का ते. पुतळा त्यांनी काचेच्या बरणीखाली ठेवला, वर फडकं टाकलं आणि जाहीर केलं, "आता एकदम प्रदर्शनातच बघायचं."

"तुमचं चालू द्या," सासूबाई म्हणाल्या. आणि मग अगदी सहज, चहाच्या घोटाबरोबर, "मी बाकावरच्या बायकांना सांगितलंय. सगळ्या येणार आहेत प्रदर्शनाला. मला बघायला."

बाकावरच्या बायका म्हणजे सकाळी बागेत त्यांच्याबरोबर बसणाऱ्या. सहा महिन्यांत सासूबाईंनी घराबाहेर जोडलेलं तेवढंच काय ते. कवळीवाल्यांच्या हातातली बशी वाकडी झाली आणि चहा पायजम्यावर सांडला. हे बायकोने पाहिलं. तिला काहीतरी शिजतंय याचा वास आला, ती थेट गेली आणि फडकं उचललं.

"अहो!" ती आतल्या खोलीत येऊन, दार लावून, दबक्या आवाजात किंचाळली. हे फक्त बायकांना जमतं. "माझ्या आईची चेटकीण केलीत?"

"उजेड बघ ना किती..."

"उजेड घाला चुलीत! ती मैत्रिणींना घेऊन येणार आहे! त्यांच्यासमोर तिला काय वाटेल? आधीच ती इथे जीव मुठीत धरून राहते. हे बघितलं ना, तर उद्या सकाळी पिशवी भरून चालती होईल, आणि जातानासुद्धा 'छान आहे' म्हणून जाईल!"

हे कवळीवाल्यांना पटलं, आणि पटलं म्हणूनच वाईट वाटलं. बायको चुकीचं बोलली असती तर भांडता आलं असतं. पहिल्या क्रमांकाचा पुतळा बरणीखाली तयार होता. आजवर त्यांच्या हातून असं काही झालं नव्हतं, आणि पुन्हा होईल याचा भरवसा नव्हता. दुसऱ्या पारड्यात सासूबाई होत्या, खुर्चीच्या कडेवर बसलेल्या. त्यांनी बरणी उचलून पुतळा दवाखान्यातल्या मागच्या खोलीत नेला. मग ब्रश धुतले आणि आपल्याच हाताने आपला हिरवा उजेड विझवायला घेतला. दाताचं काम बिघडलं की पुन्हा करता येतं, असं ते मनाला सांगत होते, पण मन काही ऐकत नव्हतं.

काढ्याचं सूप झालं. त्यावर तपकिरी, मग नारिंगी, मग पिवळा, आणि मध्ये पांढऱ्याचा ठिपका. टोपीचं टोक कापून, उरलेल्या भागावर पुट्टी लावून डोक्याचा रुमाल केला. खांद्यावरच्या कावळ्याला तुरा लावला, पोट फुगवलं आणि त्याची कोंबडी केली. ती खांद्यावर का बसलीय हे कुणी विचारू नये अशी आशा केली. बेडकाचा बटाटा झाला. कवटीवर पानं चिकटवली, तिचा कोबी झाला. कोबीला कुठूनतरी दात आल्यासारखे वाटत होते, ते त्यांनी घासून काढले. दात काढायची त्यांची ही पहिलीच वेळ. हनुवटीवरचा हिरवा जाऊन सोनेरी आला, गालांवर ऊब आली. शेवटी राहिलं तोंड. तो वर गेलेला ओठांचा कोपरा थोडा खाली आणला की झालं, गोड आजी तयार. त्यांनी ब्रश टेकवला. उचलला. पुन्हा टेकवला. अडगळीच्या खोलीत खो खो हसणाऱ्या बाईचं तोंड होतं ते, हात पुढे जाईचना. रंग आहे तसा राहू दिला आणि पाटीवर "चेटकीण" खोडून "आजीचं सूप" लिहिलं.

प्रदर्शनाच्या दिवशी सायकलच्या दुकानावरची खोली गच्च भरली होती. टेबलांवर पांढरी कापडं, त्यावर पुतळे, आणि खेळायला येणारे आणि रंगवायला येणारे एकमेकांना "कसं काय" म्हणत होते. बायकोने आईला हाताला धरून जिना चढवला. मागून बाकावरच्या बायका आल्या, सगळ्या नटूनथटून. पुढे होत्या त्या जाड भिंगाचा चष्मा घालणाऱ्या बाई. त्यांनी टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नाक नेलं आणि मोठ्याने विचारलं, "अगं, चेटकीण कुठे आहे?"

कवळीवाल्यांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"चेटकीण गं," दुसरी म्हणाली. "हिरवी. तू म्हणाली होतीस ना, कावळा आहे म्हणून."

सासूबाई पुतळ्यापुढे उभ्या होत्या. त्यांनी कोंबडीकडे पाहिलं, मग बटाट्याकडे, मग पाटीकडे.

"ही कोण?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच, आई," कवळीवाले म्हणाले.

"मी? सूप करतेय?"

"तुम्हाला... म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"अहो, तुम्ही कामावर गेलात की मी रोज दुपारी बघत होते, बरणी ठेवल्यावर बरणी उचलून. पालेभाजी करायला कुणी टोकदार टोपी घालतं का? पहिल्या दिवसापासून माहीत होतं." मग त्यांनी पुतळ्याकडे पुन्हा एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "छान आहे."

तो "छान आहे" कवळीवाल्यांनी लगेच ओळखला. भाजीला म्हणायच्या तो, पंख्याला म्हणायच्या तो. बायको घाईने पुढे झाली. "आई, अगं मीच सांगितलं त्यांना. तुला वाईट वाटू नये म्हणून."

"माहितीये गं," सासूबाई म्हणाल्या. "सगळे माझ्यासाठी तेच करतात." त्या चिडल्या नव्हत्या, आणि तेच जास्त वाईट होतं. "माहेरी मी गुणाची पोर. सासरी गरीब गाय. तुझे बाबा गेले तेव्हा भेटायला आलेला प्रत्येकजण हेच म्हणाला, वहिनींसारखी साधी बाई सापडायची नाही. तो मीटरवाला सोडला तर जन्मभर मला कुणी घाबरलं नाही, गं. एक मांजर नाही घाबरलं. आणि त्या बरणीत मी अशी होते ना, असं वाटलं की हिच्या वाटेला कोणी जाणार नाही. मी यांना सगळ्यांना सांगितलं, जावयाने मला चेटकीण केलंय. आणि आता इथे येऊन बघते तर मी पुन्हा रुमाल बांधून चुलीपुढे. वर कोंबडी."

कवळीवाल्यांना एवढी लाज आयुष्यात वाटली नव्हती. सासूबाईंना दुखवू नये म्हणून त्यांनी आपलं सगळ्यांत चांगलं काम पुसलं होतं, आणि नेमकं त्यानेच त्यांना दुखवलं होतं. घरात पहिल्यांदा त्यांना आपलं असं काहीतरी मिळालं होतं, आणि ते या दोघांनी मिळून, अगदी प्रेमाने, काढून घेतलं होतं. ते काहीतरी बोलायला तोंड उघडणार तोच छत्रीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या आणि परीक्षक आले.

जनावरांचे डॉक्टर प्रत्येक पुतळ्यापुढे गुडघे वाकवून, भिंग लावून बघत बघत "आजीचं सूप" पाशी पोचले. वाकले आणि वाकलेलेच राहिले.

"उजेड," ते शेवटी म्हणाले, "उजेडात मला एक चूक काढता येत नाही. हनुवटी बघा. नाकाचा शेंडा बघा. शाबास." कवळीवाल्यांनी श्वास रोखला. "पण एक गोष्ट बसत नाही. तोंड."

"तोंडाला काय झालं?" छत्रीवाल्यांनी विचारलं.

"अहो, सगळं कसं घरगुती आहे. कोबी आहे, बटाटा आहे, सोनेरी उजेड आहे. आणि ही बाई? हिने या सुपात काहीतरी कालवलंय. ही कुणाला तरी प्रेमाने वाटी भरून देणार आणि त्याचा शेवटचा घोट होईपर्यंत अशीच समोर बसून बघणार. हिरवा काढा वगैरे असता तर चाललं असतं, माणूस सावध तरी झाला असता. या सुपाला कोण नाही म्हणेल? नाही बुवा, मला तर हिच्याकडे बघवत नाही. कोंबडीसुद्धा अवघडून बसलीय. शीर्षक आणि चेहरा जुळत नाही. उत्तेजनार्थ."

कवळीवाल्यांनी रोखलेला श्वास सोडला. एवढ्यात सासूबाई गर्दीतून पुढे आल्या.

"तुम्हाला भीती वाटली?" त्यांनी विचारलं.

डॉक्टरांनी भिंग खाली केलं आणि वर पाहिलं. त्यांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, पुतळ्याकडे पाहिलं, पुन्हा त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ओठांचा एक कोपरा वर गेलेला होता. पिसाळलेल्या कुत्र्यांना आणि मारक्या बैलांना इंजेक्शनं देणारा तो माणूस एक पाऊल मागे सरला आणि छत्रीवाल्यांच्या पायावर उभा राहिला.

"खरं सांगायचं तर, आजी," ते म्हणाले, "थोडी वाटली."

"ऐकलंत?" सासूबाई मागे वळून मैत्रिणींना म्हणाल्या.

"अगं बाई, खरंच की," जाड चष्म्याच्या बाई पुतळ्याला नाक लावून म्हणाल्या. "हिरवीपेक्षा ही वाईट आहे. हिरवीला माणूस ओळखेल तरी." मग सगळ्याच पुढे झाल्या, एकमेकींना ढकलत, "मला बघू दे," "सरक जरा," "बाई गं, डोळे बघा!" असं चाललं, आणि त्यांच्या मधोमध सासूबाई ताठ मानेने उभ्या. कवळीवाल्यांना पुन्हा उत्तेजनार्थ मिळालं होतं, आणि त्यांचं लक्षही नव्हतं. ते डोळे पुसत होते. बायकोने विचारलं तेव्हा म्हणाले रंगाचा वास चढला.

निघताना सासूबाईंनी डॉक्टरांचा हात धरला. "एकदा घरी या ना. सूप करते."

"नको नको," डॉक्टर घाईने म्हणाले. "मी बाहेरचं काही घेत नाही."

मग त्यांनी छत्रीवाल्यांना विचारलं. छत्रीवाल्यांना भूक नव्हती, आणि पुढचे काही दिवस लागेल असंही वाटत नव्हतं.

"तुम्ही मात्र पिणार हं, जावईबापू," सासूबाई जिना उतरता उतरता म्हणाल्या. "आणि मी समोर बसून बघणार."

"हो, आई," कवळीवाले म्हणाले.